चेहरा आधी दाखवा

पेणला माझ्या ताईचा गणपतीचा छोटा कारखाना आहे आणि त्याचं इन्स्टाग्रामचं खातं मी चालवतो. 'चालवतो' म्हणताना जीभ अडखळते, कारण ते कधी उठतं आणि कधी बसतं यातलं काहीच माझ्या हातात नाही. मी राहतो रोह्याजवळ वरसे गावात, केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, आणि साप्ताहिक सुट्टीला सकाळची गाडी पकडून पेणला उतरतो. खातं काढायची कल्पना माझीच होती. ताई नको म्हणत होती. भावोजी तर म्हणाले होते, "पाव्हणे, आमचा गणपती पेणचा हाय हे लोकांना ठाऊक हाय. त्याला आणखी कशाला ओळख?"

सुरुवातीला बरं चाललं होतं. शाडू मळतानाचा, साच्यातून मूर्ती निघतानाचा, रंगाच्या वाट्यांचा असे व्हिडिओ टाकायचो आणि अनोळखी लोक बघायचे. मग एका महिन्यात सगळं खाली आलं. तीच माती, तेच भावोजींचे हात, तेवढाच उजेड. बघणारे मात्र माझे मेहुणे, साडू आणि कंपनीतली चार माणसं. तीही मी कॅन्टीनमध्ये आठवण केली म्हणून.

का पडलं, हे मला आजही कळलेलं नाही. मी विचारलं नाही असा माणूस राहिला नाही. आमच्या शिफ्टमधला एकजण म्हणाला, "तू स्वतःच सारखा उघडून बघतोस ना, म्हणून. त्याला कळतं, हा एकटाच बघतोय." दुसरा म्हणाला, गाणं चुकीचं लावतोस. चहाच्या टपरीवरचा एक जाणकार म्हणाला, तुझं खातं वरून दाबलंय. कुणी दाबलं, का दाबलं, ते त्यालाही सांगता येईना. मी सकाळी टाकून बघितलं, दुपारी टाकून बघितलं. बायकोच्या फोनवरून स्वतःलाच लाइक दिलं. ती म्हणाली, "अहो, मला विचारून तरी द्या." भावोजींनी फोनसमोर नारळ फोडायचा सल्ला दिला. मी हसलो, पण त्या दिवशी जवळ नारळ असता तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही.

हसण्यावारी नेता येत नव्हतं, कारण माझ्या भरवशावर ताईने त्या वर्षी रांगेतल्या मूर्ती जास्त केल्या होत्या. रांगेतल्या म्हणजे कुणीही येऊन पसंत करून न्याव्यात अशा. ताईच्या कारखान्याचा जीव मात्र त्यांच्यात नाही, पाटाच्या गिऱ्हाइकांत आहे. जुनी घरं आमच्याकडे मूर्ती विकत घ्यायला येत नाहीत, पाट घेऊन येतात. आषाढात आपल्या घरचा लाकडी पाट पोचवायचा आणि चतुर्थीच्या आधी त्याच पाटावर बसलेला गणपती न्यायचा. मूर्ती दरवर्षी पाण्यात जाते, पाट घरी परत येतो आणि पुढच्या आषाढात पुन्हा कारखान्यात. काही पाट ताईच्या सासऱ्यांच्या वेळेपासून येताहेत. पाट आला म्हणजे घर आलं. एखादा पाट यायचा थांबला तर ताई ते घर गेलं म्हणते, आणि अगदी दुखवट्याच्या आवाजात म्हणते.

या मूर्तींना एक नियम असतो. डोळे आखून झाले की चेहऱ्यावर कापड. ते कापड गिऱ्हाइकाच्या घरी, दारात ओवाळल्यावरच निघतं. म्हणून ताईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पाटाच्या मूर्तींकडे फोन न्यायचा नाही." मी 'बरं' म्हणालो होतो, आणि तो नियम पाळतही होतो.

पेणच्या स्टँडजवळ एका मोबाइलच्या दुकानाच्या वर डिजिटल मार्केटिंगचा क्लास आहे. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना माझे व्हिडिओ दाखवले. त्यांनी दोन-तीन बघितले आणि म्हणाल्या, "काका, तुमची सुरुवातच मातीने होते. मातीवर कोणी थांबत नाही. चेहरा आधी दाखवा."

"गणपतीचा?"

"कुणाचाही चालेल. माणूस चेहरा दिसला की थांबतो. थांबला की तो व्हिडिओ पुढच्याला दाखवला जातो. चेहरा शेवटी ठेवलात तर तिथपर्यंत येणार कोण?"

मी जिना उतरलो तो डोकं भणभणत. इतके दिवस कुणी सरळ कारण दिलं नव्हतं, हे पहिलं सरळ कारण होतं. पण आमच्या धंद्यात तर चेहरा शेवटीच असतो.

तरी मार्ग होता. रांगेतल्या मूर्तींचे चेहरे दाखवायला कुणाची हरकत नव्हती. पण त्या वेळी रांगेतल्या सगळ्या मूर्ती पांढऱ्या, वाळत ठेवलेल्या. ताई पाटाच्या मूर्तींचे डोळे आधी आखते, रांगेतल्यांचे मागाहून. मी गेलो त्या सकाळी ती एका पाटाच्या मूर्तीसमोर बसली होती. श्रावणात उघडीप मिळून पडलेलं ऊन दारातून सरळ त्या चेहऱ्यावर आलं होतं. डोळे आखताना ताई बोलत नाही. चहा घेत नाही, कुणी हाक मारली तर वळत नाही. मी फोन काढला. तिला दिसलं असावं, कारण तिने घशातून "अं" असा आवाज केला. तो नको म्हणायचा होता, की नुसता श्वास होता, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. फोन बंद केला नाही, एवढं खरं.

ब्रश खाली ठेवल्यावर तिने विचारलं, "पाट नाही ना आला त्यात?"

"नाही," मी म्हणालो.

न बघताच म्हणालो. माझ्या समजुतीने फक्त चेहराच घेतला होता. आणि गणपतीचे चेहरे सारखेच, ओळखणार कोण, असंही मनात होतं. शेवटी हात खाली येताना फोन पाटाच्या कोपऱ्यावरून गेला होता. त्या कोपऱ्याला कधीकाळी चीर गेलेली आणि वर तांब्याची पट्टी ठोकलेली. परतीच्या गाडीत व्हिडिओ टाकला तेव्हा मला ती पट्टी दिसलीही. छान दिसते, जुनं काम वाटतं, असं मनात आलं.

तो व्हिडिओ उठला. कसा, ते मला विचारू नका. फोन हातात गरम व्हायला लागला. कॅन्टीनमध्ये लोक म्हणाले, "आता तू शिफ्टला कशाला येतोस बाबा? मोठा माणूस तू!" हात जोडलेल्या खुणांची तर रांगच लागली. ताईला लांबून फोन येऊ लागले, कुरिअर करता का, मुंबईला पोचवता का. संध्याकाळी तिने मला फोन करून विचारलं, "हे चांगलं झालं ना रे?" तिच्या आवाजात आनंद होता, आणि थोडी शंकाही. मी म्हणालो, "चांगलंच झालं, ताई."

पुढच्या सुट्टीला मी पेणला होतो तेव्हा ते आले. कोलाडच्या आतल्या एका गावातले शेतकरी, भात आणि वाल करणारे. दरवर्षी स्वतः पाट आणून देणारे आणि मूर्ती मांडीवर घेऊन जाणारे. आम्ही त्यांना काका म्हणतो. चतुर्थीला अजून अवकाश होता. ते दारातच थांबले. मूर्तींकडे बघितलं नाही, खाली जमिनीकडे बघत म्हणाले, "बाय, आमचा पाट कुठं हाय?"

"आत आहे काका. झाकून ठेवलाय."

"आता झाकून काय उपेग? सगळ्या आळीनं बघितला."

ताई माझ्याकडे बघायला लागली.

काकांनी सांगितलं ते असं. बाजूच्या गावच्या मोहल्ल्यातला एक पोरगा कतारला ड्रायव्हर आहे. त्याला व्हिडिओ दिसला, रायगडचं आहे म्हणून त्याने आवडीने पुढे पाठवला. त्याच्या खोलीत काकांच्या आळीतला एकजण राहतो. त्याने तांब्याची पट्टी ओळखली. त्याने काकांच्या घरी फोन केला, अरे, तुमचा बाप्पा इथं कतारला दिसला! तासाभरात आळीतल्या प्रत्येक फोनमध्ये तो चेहरा होता. इतके महिने मी रोह्या-पेणच्या लोकांपर्यंत पोचायला धडपडत होतो, आणि पोचलो तो कतारमार्गे कोलाडला.

"पोरानं चांगल्याच मनानं पाठवलं," काका म्हणाले. "त्याला मी काय बोलू? पण आमच्यात कापड आई काढती. तिच्या आधी घरात कोणी बघत नाय. मी मांडीवर घेऊन येतो, मी पण नाय बघत. आता तिला काय सांगू?" मग म्हणाले, "पाट दे बाय. रिकामा दे. ह्या सालाला दुसरीकडनं काय तरी बघतो."

भावोजी मळत असलेल्या मातीवर हात तसेच ठेवून उभे राहिले. ताई पाटावर मूर्ती ओल्या मातीने बसवते, ती पाटाशी एकजीव होते. पाट रिकामा करायचा तर मूर्ती फोडावी लागणार, आणि डोळे आखलेली मूर्ती फोडायला ताईचा हात उठणार नव्हता. काकांनाही ते कळत होतं. म्हणूनच ते जमिनीकडे बघत होते.

"काका, मी डोळे पुसून पुन्हा आखून देऊ?" ताई शेवटी म्हणाली. "चेहरा बदलतो. कुणीच बघितलेला राहणार नाही."

"आखलेले डोळे पुसतात?"

"प्रतिष्ठा होईपर्यंत मातीच आहे ती." पण हे म्हणताना तिचा स्वतःचाच विश्वास बसलेला दिसला नाही.

"आईला विचारतो," म्हणून काका निघाले. मी मागोमाग रस्त्यावर गेलो. चूक माझी आहे, मी येऊन आजींना सांगतो, असं म्हणालो. ते म्हणाले, "तुमची मर्जी."

काका गेल्यावर ताईने ब्रश धुवायला घेतले. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. व्हिडिओ काढून टाकू का, विचारलं तर "तुला कळेल ते कर" म्हणाली. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "चालू असलेलं काढू नका काका, खातं पुन्हा बसेल." मी दोन दिवस तो काढला नाही. गावातली बघायची ती माणसं बघून झाली, आता काढून काय होणार, असं मनाला समजावलं. खरं एवढंच की आकडा चढत होता. त्या गावी जाताना एसटीतसुद्धा मी दोनदा फोन उघडून बघितला. माफी मागायला निघालेला माणूस काय बघतोय, हे शेजारच्याला कळू नये म्हणून फोन तिरका धरला होता.

आजी ओटीवर बसून बिरडं सोलत होत्या. मोड आलेले भिजवलेले वाल, त्यांची सालं एका बाजूला. मी नमस्कार केला.

"तूच काय रं तो फोनवाला?"

"हो आजी."

"बस. नुसता बसू नको, सोल."

मी सोलायला लागलो. सोलता सोलता सांगितलं सगळं. खातं का काढलं, ते कसं बसलं, मॅडम काय म्हणाल्या, ऊन कसं आलं, पट्टी दिसूनही मी काय केलं. मला वाटलं होतं त्या मध्येच रागावतील. त्यांनी विचारलं, "किती लोकांनी बघितला?"

मी आकडा सांगितला.

"एवढी माणसं हायत कुठं?"

"सगळीकडे आहेत, आजी."

"आन् ती गणपतीला येणार काय आमच्याकडं?"

"नाही."

"मंग बघून केलं काय त्यांनी?"

हे मला ठाऊक होतं, फोन ते सांगतो. "थोडा वेळ थांबले आणि पुढे गेले," मी म्हणालो.

त्यांनी एक वाल सोलला, दुसरा सोलला. "त्या लोकांचं मला काय नाय. बघू देत. पण ह्या घरात माझ्या आधी कोणी बघत नव्हतं. आता समद्यांनी बघितलाय. सुनेनं बघितला, नातवांनी बघितला. मी आले का फोन उलटा ठेवतात. मी पहिली होते, ती शेवटची झाले. एकटी मीच ऱ्हायले."

आतून सून म्हणाली, "आई, मी नाय बघितला!"

"नाय? मंग काल सोंड कुठल्या बाजूला हाय ते कसं सांगत होतीस गो?"

"सोंड दरवर्षी डावीकडंच असते!"

"ऐकलंस?" आजी मला म्हणाल्या. "अशी घरात बसून वकिली शिकली."

मला हसू आलं. मी ताईचं म्हणणं सांगितलं, डोळे पुसून पुन्हा आखायचं. आजींचा हात थांबला. त्यांना ते आवडलं नाही हे चेहऱ्यावर दिसलं, आणि नको म्हणावंसं वाटत नाही हेही दिसलं. 

"तुझ्या ताईला सांग," त्या म्हणाल्या, "तिला कळंल ते करू दे. पुसले तरी मला सांगू नको, नाय पुसले तरी सांगू नको. हितं कोणालाच सांगू नको. आन् तू तिथं बघायला थांबू नको."

"म्हणजे मूर्ती येणार ना, आजी?"

"ह्या सालाला येऊ दे. पुढचं पुढं बघू. तू पण ये. फोन घरी ठेवून ये."

परतताना एसटीत मी व्हिडिओ खात्यावरून आणि फोनमधूनही काढून टाकला. अंगठा ठेवला, फोनने विचारलं नक्की काढायचं का, आणि मी 'हो' दाबलं. पुण्य केल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच की आता माझ्याकडे दाखवण्यासारखं काही उरलं नाही.

निरोप ऐकून ताईने मूर्तीसमोर जुनी चादर बांधली. आत काय केलं ते भावोजींनाही ठाऊक नाही. एका सकाळी ती चादरीआड गेली, चहा न घेता. बाहेर आली तेव्हा मूर्तीच्या चेहऱ्यावर नवं कापड होतं, आणि तिचे डोळे लाल होते. ते रंगाच्या वासाने की कशाने, मी विचारलं नाही.

नेण्याच्या दिवशी मी टेम्पोत काकांच्या शेजारी होतो, मूर्ती त्यांच्या मांडीवर. खड्डा आला की ते पाटाला दोन्ही हातांनी धरत आणि माझा हात आपोआप रिकाम्या खिशाकडे जाई. दारात सुनेने पायावर पाणी घातलं, ओवाळलं. आळीतली माणसं जमली होती. ती सगळी तो चेहरा बघितलेली, आणि सगळी बघितलाच नसल्यासारखी उभी. आजींना दोघांनी धरून आणलं. त्यांनी हात सोडवून घेतले आणि कापड काढलं.

त्या बघत राहिल्या.  मग नुसतं म्हणाल्या, "आला."

माझ्या मागे कुणीतरी पुटपुटलं, "फोनात होता तसा नाय वाटत." दुसरा म्हणाला, "तोच तर हाय." सून म्हणाली, "मला काय, मी तर पहिल्यांदाच बघते," आणि आजींनी वळून तिच्याकडे असं बघितलं की दोघी हसल्या.

मी तो चेहरा फोनमध्ये इतक्यांदा बघितला होता, की कुणी रात्री उठवून विचारलं असतं तरी काढून दाखवला असता असं मला वाटायचं. त्या दारात उभा राहून मला सांगता येईना, हे तेच डोळे की दुसरे. फोनमध्ये मी बघत होतो तो चेहरा, की त्याखालचा आकडा, कोण जाणे. आता पडताळून पाहायलाही माझ्याकडे काही नाही. ताईला नंतर एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुला कशाला?" रांगेतल्या काही मूर्ती त्या वर्षी उरल्या. 

खातं पुन्हा बसलं. मी आता साच्याचे, मातीचे, वाळत ठेवलेल्या पांढऱ्या मूर्तींचे व्हिडिओ टाकतो. मॅडम भेटल्या की म्हणतात, सातत्य ठेवा काका. साडू बघतात, कंपनीतली चार माणसं बघतात. ते वाढावं असं मला अजून वाटतं. हे लिहितानाही वाटतं. त्याचं काय करावं ते कळत नाही.

पण वर्षभर मला खरी धाकधूक होती ती दुसरीच. आजी म्हणाल्या होत्या, पुढचं पुढं बघू. यंदाचा आषाढ लागला तसे पाट यायला लागले. ताई प्रत्येक पाट भिंतीला टेकवून ठेवी आणि एक जागा मोकळी सोडी.  मी प्रत्येक सुट्टीला जाऊन आधी ती जागा बघायचो.

आषाढ उतरणीला लागला तेव्हा काका आले. छत्री, पिशवी, आणि काखेत नव्या सुती कापडात चारी बाजूंनी घट्ट गुंडाळलेलं काहीतरी. वर गाठीवर गाठ. रिकामा पाट असा बांधून आणलेला मी कधी बघितला नव्हता.

"हे काय काका?" ताईने विचारलं.

"आईनं बांधून दिलाय. म्हणाली, वाटेत कोणाला दाखवू नको." आणि त्यांनी माझ्या खिशाकडे बघितलं.

भावोजी मोठ्याने हसले. काका हसले की नाही ते मला नीट कळलं नाही. टोमणा होता, ताकीद होती, की आजींनी पाट पाठवला हाच निरोप होता, याचा मी अजून विचार करतो आहे. मी फोन काढून बाहेर ओट्यावर पालथा ठेवून आलो. ताई खाली बसून गाठ सोडू लागली. कापडाचं टोक सुटून तांब्याची पट्टी दिसणार, तेवढ्यात मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"अरे, नुसता पाट आहे," ताई म्हणाली. "बघ की."